अति व्यायाम म्हणजे नेमका किती?

२०११ सालच्या जानेवारीत अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील १३ खेळाडूंना एकापाठोपाठ एक रुग्णालयात दाखल करावे लागले. हा फुटबॉल अमेरिकी धाटणीचा, अंगावर चिलखतासारखा पोशाख चढवून एकमेकांवर धडकण्याचा. आणि तो खेळणारी ही मुले विशीतली, धष्टपुष्ट, वर्षभर मैदानावर आणि जिममध्ये घाम गाळणारी होती. हंगाम संपल्यावर सुमारे तीन आठवड्यांची सुट्टी घेऊन ती परतली आणि लगेचच त्यांच्याकडून एक कसरत करून घेण्यात आली : आपण उचलू शकतो त्या कमाल वजनाच्या निम्मे वजन खांद्यावर घेऊन १०० बैठका, त्याही घड्याळ लावून. पुढच्या दोन-चार दिवसांत मांड्या सुजून दगडासारख्या घट्ट झाल्या, जिना उतरणे अशक्य झाले आणि लघवीचा रंग कोलासारखा काळपट दिसू लागला. सुदैवाने सगळेच बरे होऊन घरी गेले.

आपल्याकडे या विषयाची चर्चा वेगळ्या निमित्ताने होते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या ४६ व्या वर्षी गेले, आणि चर्चा त्यांच्या जिममधल्या व्यायामाची झाली. पुढच्या वर्षी १० ऑगस्टला विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव दिल्लीतील जिममध्ये व्यायाम करताना कोसळले आणि महिनाभराहून अधिक काळ रुग्णालयात राहून त्यांचे निधन झाले. अशी प्रत्येक बातमी आली की घराघरांत दोन तट पडतात. एका बाजूची मंडळी म्हणतात, ‘तरी सांगत होतो, त्या जिमच्या नादी लागू नकोस’, आणि दुसरी बाजू छातीठोकपणे सांगते की व्यायामाने कधी कुणाचे वाईट झालेले नाही. माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. व्यायाम एकूण किती केला यापेक्षा, काल शरीराला जेवढ्याची सवय होती त्याच्या किती पुढे आज उडी मारली आणि त्या उडीनंतर किती विसावा दिला, यावर धोका बराचसा अवलंबून असतो. आयोवाच्या मुलांना शंभर बैठका जड गेल्या त्या त्यांच्यात ताकद नव्हती म्हणून नव्हे. सराव तुटल्यानंतर त्या एकदम, वजनासह आणि घाईने मारल्या गेल्या, म्हणून.

हे नीट समजून घेण्यासाठी आधी व्यायामाने स्नायू मजबूत कसा होतो ते पाहावे लागते.

स्लॅब आणि स्नायू

ज्यांनी घर बांधले आहे त्यांना ठाऊक असते की स्लॅब ओतला त्या दिवशी तो मजबूत नसतो. त्यावर रोज पाणी मारावे लागते, खालचे टेकू दिवसेंदिवस तसेच ठेवावे लागतात, आणि त्या काळात काँक्रीट हळूहळू ताकद धरते. घाई करून टेकू काढले किंवा वर विटांचा ढीग रचला तर तडे जातात. स्नायूचेही असेच आहे. व्यायाम करताना स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, त्यातील साठवलेले इंधन संपते, आणि त्या क्षणी आपण आधीपेक्षा दुबळे असतो. ताकद वाढते ती नंतरच्या झोपेत, जेवणात आणि विश्रांतीत, जेव्हा शरीर ती इजा भरून काढताना पूर्वीपेक्षा थोडे जास्त पक्के बांधकाम करते.

राजगडावर जाऊन आलेल्या कोणालाही याचा अनुभव असेल. चढताना धाप लागते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी शरीराचे वजन रोखून धरत असतो. ताणला जात असताना जोर लावण्याच्या या कामात तंतूंना सर्वांत जास्त इजा होते. बैठकीत खाली जाणे, जोर काढताना छाती जमिनीकडे नेणे, वजन सावकाश खाली ठेवणे, ही सगळी त्याच जातीची कामे. हे दुखणे सहसा २४ ते ७२ तासांत कळसाला पोहोचते आणि चार-पाच दिवसांत ओसरते. त्याच गडावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा गेलात तर पाय पहिल्याइतके दुखत नाहीत, कारण एका फेरीनेही स्नायू पुढच्या फेरीसाठी सावध होतो.

इथपर्यंत सारे ठीक आहे आणि हवेसेही आहे. अडचण सुरू होते ती इजा भरून काढण्याच्या क्षमतेपलीकडे गेली म्हणजे.

लघवी काळी का होते?

स्नायूंच्या पेशी मोठ्या संख्येने फुटून त्यांच्यातील द्रव्ये रक्तात सांडणे, याला वैद्यकात ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. आपण त्याला स्नायुविघटन म्हणू. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना ढिगाऱ्याखाली तासन् तास हात-पाय अडकलेली माणसे जिवंत बाहेर निघत, सुरुवातीला बरी दिसत आणि काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील या दोघांनी १९४१ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि चिरडलेल्या स्नायूंचा मूत्रपिंडांशी संबंध आहे हे जगापुढे ठळकपणे आले. ढिगाऱ्याने जे होते तेच, कमी प्रमाणात, अविचारी व्यायामाने होऊ शकते.

स्नायूंच्या पेशीत मायोग्लोबिन नावाचे लालसर प्रथिन असते. स्नायूला लागणारा प्राणवायू साठवणे हे त्याचे काम. पेशी फुटल्या की ते रक्तात येते आणि तिथून मूत्रपिंडांत गाळले जाते. लघवीचा काळपट तपकिरी रंग याच प्रथिनाचा. मोरीच्या जाळीत भाताची चार शिते अडकली तर पाणी वाहत राहते, पण पातेलेभर भात एकदम ओतला आणि वरून पाणीही सोडले नाही, तर मोरी तुंबते. मूत्रपिंडातील बारीक नळ्यांचे तसेच होते. मायोग्लोबिन त्यात साचते, नळ्यांच्या अस्तरालाही अपाय करते, आणि अंगात पाणी कमी असेल तर हे सर्व अधिक वेगाने घडते. म्हणूनच यावरचा मुख्य उपचार म्हणजे शिरेतून भरपूर सलाईन देऊन नळ्या वाहत्या ठेवणे. क्वचित काही दिवस डायलिसिसही करावे लागते.

दुसरा धोका अधिक तातडीचा असतो आणि त्याची चर्चा कमी होते. शरीरातील बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असते, त्यातही मोठा वाटा स्नायूंचा. पेशी फुटल्या की ते रक्तात उतरते आणि पातळी फार वाढली तर हृदयाची लय बिघडते. रुग्णालयात अशा रुग्णाचा ईसीजी वारंवार काढतात तो याच कारणाने.

निदान एका साध्या रक्तचाचणीने होते. स्नायूंतले एक विकर (एन्झाइम) रक्तात किती उतरले आहे ते ती मोजते, आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळांत तिला अजून ‘सीपीके’ म्हणतात. निरोगी माणसात हा आकडा साधारण २०० युनिटच्या आत असतो. इथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण या आकड्याने अनेकांची विनाकारण गाळण उडते : मॅरेथॉन धावल्यावर किंवा बऱ्याच दिवसांनी जिमला गेल्यावर सीपीके हजारांत जाऊ शकते आणि माणूस ठणठणीत असू शकतो. पाचपट वाढ ही डॉक्टरांच्या दृष्टीने स्नायुविघटनाचा विचार करण्याची रेषा आहे, आणि ५,००० च्या पुढे गेल्यावर मूत्रपिंडांची काळजी वाढते. पण निर्णय नुसत्या आकड्यावर होत नाही. लघवीचा रंग, तिचे प्रमाण, सूज, क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट गाळतात का, हे दाखवणारा रक्तातला आकडा) आणि पोटॅशियम हे सारे एकत्र पाहावे लागते.

वैद्यकीय नियतकालिकांत छापून येणाऱ्या रुग्णकथा वाचल्या तर त्या जवळजवळ एकाच साच्याच्या असतात. माणूस तरुण. पहिल्यांदाच किंवा मोठ्या खंडानंतर व्यायामाला गेलेला. अंधाऱ्या खोलीत मोठ्या आवाजात गाणी लावून जागच्या जागी सायकल चालवण्याचा वर्ग, किंवा मित्रांबरोबरची पैज, किंवा ‘आणखी दहा, आणखी दहा’ म्हणत मागे लागणारा प्रशिक्षक. त्या दिवशी दमणूक, पण अभिमानही. दुसऱ्या दिवशी दुखणे, म्हणून मेडिकलमधून दुखीची गोळी. तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये तो रंग. मधली ती गोळीही निरुपद्रवी नसते : आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि अंगात पाणी कमी असताना, स्नायू फुटत असताना ती घेणे म्हणजे आधीच तुंबत आलेल्या मोरीचा नळ बारीक करणे. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गटाचे औषध घेणाऱ्यांनी एकदम जड व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगणे बरे, कारण त्या औषधाने क्वचित स्नायूंना त्रास होतो आणि दोन कारणे एकत्र येतात.

साधे अंग दुखणे आणि हे, यांतला फरक घरबसल्या ओळखता येतो. साधे दुखणे हालचालीने थोडे सैल होते. इथे दुखणे वाढत जाते, अवयव सुजतो, हात कोपरातून सरळ होत नाही किंवा पाय वाकत नाही. लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली, किंवा फार कमी होऊ लागली, तर उद्यापर्यंत थांबू नये. तडक रुग्णालयात जावे आणि व्यायामाची हकीकत आपणहून सांगावी, कारण ती सांगितली नाही तर काविळीच्या किंवा मूतखड्याच्या तपासण्यांत वेळ जातो.

मग तालमीतली पोरे हजार बैठका कशा मारतात?

ही शंका रास्त आहे, आणि तिच्यातच उत्तर दडलेले आहे. कोल्हापूरच्या तालमीत सपाट्या मारणारा मल्ल पाहा. तो हजारावर पोहोचतो, पण दहा-बारा वर्षांचा असताना लाल मातीत उतरला तेव्हा वस्तादाने त्याच्याकडून पन्नाससुद्धा नीट काढून घेतल्या असतील तर मोठी गोष्ट. आकडा वर्षांनी वाढलेला असतो. त्याला दुपारची झोप असते, खुराक असतो, मालीश असते, आणि जत्रेतली कुस्ती झाल्यावर दोन दिवस अंग मोकळे करण्याचे असतात. त्याच्या हजार बैठका पाहून बँकेत आठ तास बसणाऱ्या माणसाने रविवारी तीनशे मारल्या, तर तीनशे हा आकडा हजारापेक्षा लहान असूनही धोका या दुसऱ्याच माणसाला जास्त.

आपल्या जुन्या वैद्यकाला हे भान होते. सुश्रुताने व्यायाम बलाच्या निम्म्याने करावा असे सांगितले. ‘अर्धशक्ती’ हा शब्द तेव्हापासून चालत आलेला आहे, आणि कपाळावर, नाकावर घाम येणे, तोंडाला कोरड पडणे ही ती गाठल्याची खूण मानली गेली. वाग्भटाने त्यात ऋतूची अटही घातली : थंडीत आणि वसंतात अर्धशक्तीने, एरवी त्याहूनही बेताने. जुने आहे म्हणून मी ते पुराव्याच्या जागी ठेवत नाही, पण ‘शक्ती’ ही प्रत्येकाची वेगळी आणि बदलती असते, व्यायाम तिच्या हिशेबात मोजायचा, हा विचार आजच्या क्रीडाविज्ञानाशी जुळतो.

घाम, उष्मा आणि फार पाणी

वाग्भटाच्या ऋतूच्या अटीला शरीरशास्त्रात भक्कम आधार आहे. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातला मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, आणि ती अंगाबाहेर काढण्याचे मुख्य साधन म्हणजे घामाचे बाष्पीभवन. मुंबईत किंवा पणजीत जूनच्या दमट हवेत घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. ओघळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या पुढे गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा कोसळला, तर तो श्रमजन्य उष्माघात. सावलीत बसलेल्या वृद्धांना होणाऱ्या उष्माघातात कातडी बऱ्याचदा कोरडी असते. श्रमजन्य उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो, आणि म्हणून ‘घाम येतोय म्हणजे ठीक आहे’ हा समज घातक ठरतो. वजन उतरवण्यासाठी प्लास्टिकचे जाकीट चढवून धावणारे लोक घामाच्या नेमक्या याच कामात अडथळा आणत असतात. उतरते ते पाणी, आणि ते रात्रीपर्यंत परत भरते.

इथे उपाय आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फाल्मथ येथे दर ऑगस्टमध्ये ७ मैलांची शर्यत होते. तिथल्या १८ वर्षांच्या नोंदींत श्रमजन्य उष्माघाताचे २७४ रुग्ण होते आणि त्यांपैकी एकही दगावला नाही, कारण कोसळलेल्या माणसाला तिथल्या तिथे बर्फाळ पाण्याच्या टबात बसवले जाई. आधी गार करा, मग रुग्णालयात हलवा, असा क्रम. आपल्या मैदानांवर टब नसेल, पण पाण्याचा टँकर, बादल्या आणि ओले पंचे असू शकतात.

उलट टोकाला, पाणी जास्त पिण्यानेही माणसे मेली आहेत. रक्तातील सोडियम साधारण १३५ ते १४५ या पट्ट्यात असावे लागते. आमटीत तांब्यावर तांब्या पाणी ओतत गेले तर ती अळणी होते. चार-पाच तास धावताना प्रत्येक थांब्यावर तहान नसतानाही पाणी प्यायल्यास रक्त तसेच अळणी होते, मेंदूला सूज येते, मळमळ, गोंधळ आणि झटके सुरू होतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये या कारणाने एक तरुण धावपटू दगावली. त्याच शर्यतीतील ४८८ जणांच्या रक्ताच्या तपासणीत १३ टक्के लोकांचे सोडियम कमी निघाले, आणि ज्यांचे वजन शर्यतीनंतर वाढले होते त्यांना धोका सर्वाधिक होता. धावून वजन वाढणे ही एकच गोष्ट पुरेशी बोलकी आहे. तहानेप्रमाणे प्यावे, हा आजचा सर्वसाधारण सल्ला त्यातून आला.

हृदयाचे काय?

लोकांची खरी भीती इथे आहे, म्हणून आकडे नीट पाहू. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख स्पर्धकांपैकी ५९ जणांचे हृदय शर्यतीत बंद पडले. ४२ जण वाचले नाहीत. म्हणजे हृदय बंद पडण्याचा प्रसंग साधारण १ लाख ८४ हजारांत एकावर आला. धोका शून्य नाही, पण फार छोटा आहे.

तो कोणाच्या वाट्याला येतो, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून कळते. हृदयविकाराचा झटका आलेल्या १,२२८ रुग्णांना झटक्याआधीच्या तासाभरात काय केले ते विचारण्यात आले. आठवड्यात एकदाही जड श्रम न करणाऱ्या माणसाने अचानक जड श्रम केले तर त्या तासापुरता झटक्याचा धोका, तो माणूस स्वस्थ असतानाच्या तुलनेत, सुमारे १०७ पट होतो. आठवड्यात पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यात तोच आकडा सुमारे २.४. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी ही निवडेन. १०७ पट ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण मुळात एखाद्या ठरावीक तासात झटका येण्याची शक्यता अत्यल्प असते; पण दोन आकड्यांमधली दरी पाहा.

कारणे वयानुसार बदलतात. साधारण पस्तिशीच्या आतल्या माणसात जन्मजात किंवा आनुवंशिक दोष असू शकतो, उदाहरणार्थ हृदयाच्या भिंती जाड असणे, आणि त्याची पूर्वसूचना कधी कधी एवढीच असते की धावताना एकदा चक्कर येऊन पडलो होतो, किंवा चुलते तरुणपणीच अचानक गेले होते. पस्तिशीनंतर बहुधा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीतला अडथळा कारणीभूत असतो, जो व्यायामाने निर्माण केलेला नसतो, फक्त त्या दिवशी उघडा पडतो. जिने चढताना नव्याने छाती भरून येणे, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, याला ‘ॲसिडिटी’ म्हणून व्यायाम चालू ठेवणे ही आपली जुनी सवय आहे.

वर्षानुवर्षे प्रचंड व्यायाम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. स्वीडनमध्ये वासालॉपेत ही ९० किलोमीटरची बर्फावरील शर्यत होते. तिच्यात भाग घेतलेल्या ५० हजारांहून अधिक जणांच्या पाहणीत, पाच किंवा अधिक वेळा ती पूर्ण करणाऱ्यांत हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण एकदाच पूर्ण करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त आढळले. जोराच्या व्यायामात हृदय मिनिटाला ५ लिटरऐवजी २०-२५ लिटर रक्त ढकलते. त्या ताणाने वरच्या पातळ भिंतींचे कप्पे वर्षांमागून वर्षे ताणले जात असावेत, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. हा प्रश्न दशकानुदशके सहनशक्तीचे खेळ खेळणाऱ्यांचा आहे. रोज तासभर चालणाऱ्या काकूंनी यात स्वतःला शोधू नये.

दमणूक जी रविवारी जात नाही

आतापर्यंतचे धोके दिवसांत दिसणारे होते. एक धोका महिनोन् महिने साचतो. स्लॅबवर पाणी न मारता मजल्यावर मजला चढवत गेल्यासारखे, विश्रांतीविना सराव वाढवत गेले की आधी वेग कमी होतो, मग झोप बिघडते, चिडचिड होते, वारंवार सर्दी-खोकला होतो, सकाळी उठल्यावरचे नाडीचे ठोके बदलतात, आणि आठवडाभर आराम करूनही जुनी कामगिरी परत येत नाही. याला अतिसराव-विकार म्हणता येईल. त्याची स्वतंत्र अशी रक्तचाचणी नाही. रक्तक्षय, थायरॉइड, झोपेचे आजार, नैराश्य हे सर्व नाकारून मग हे निदान करावे लागते. दुर्दैवाने कामगिरी खालावली की जिद्दी माणूस सराव आणखी वाढवतो.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे खर्च आणि जमा यांचा मेळ. व्यायामात भरपूर ऊर्जा खर्च करून, वजन घटावे म्हणून जेवण मात्र कमी ठेवले तर शरीर काटकसर सुरू करते, आणि पहिली कात्री प्रजननसंस्थेवर आणि हाडांवर पडते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून यावर खेळाडूंना सातत्याने सावध केले आहे. मुलींची पाळी तीन महिने किंवा अधिक काळ बंद होणे ही त्याची सर्वांत स्पष्ट खूण, आणि ‘व्यायाम करतेय म्हणून असेल’ असे म्हणून ती सोडून देऊ नये. पुरुषांतही टेस्टोस्टेरॉन घटते, फक्त तशी ठळक खूण नसते. श्रावणातले उपास, सोळा तासांचे उपाशीपोट आणि संध्याकाळी दोन तास जिम असा त्रिवेणी संगम मी अनेक घरांत पाहतो. हाडे ठिसूळ होत गेली की न पडता-झडताही त्यांना बारीक चीर जाते. अशा इजेचे वर्णन प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्येच केले होते, लांब कवायतींनंतर पाय सुजलेल्या नवख्या सैनिकांत.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, त्याचे काय?

ही म्हण जिमच्या भिंतींवर शोभते, पण टाकीचे घाव दगडावर पडतात आणि दगडाला रात्रीतून स्वतःला दुरुस्त करायचे नसते. कष्टाला माझा विरोध नाही. धाप लागणे, स्नायू जळजळणे, दुसऱ्या दिवशी थोडे ठणकणे याशिवाय प्रगती होत नाही, हे खरेच आहे.

उलट बाजूचा आक्षेपही ऐकू येतो : मग जास्त व्यायाम करणारे लवकर मरतात का? २०१५ साली कोपनहेगनमधील एका अभ्यासावरून तशा बातम्या जगभर झाल्या. पण त्यातल्या सर्वाधिक जोराने धावणाऱ्या गटात मृत्यू होते फक्त दोन, आणि दोन मृत्यूंवरून कुठलाही निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे. त्याच वर्षी ६ लाख ६१ हजार लोकांच्या एकत्रित माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शिफारशीतल्या किमान पातळीच्या तिप्पट ते पाचपट व्यायामापर्यंत फायदा वाढत जाऊन पुढे स्थिरावला, आणि दसपट व्यायाम करणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. शिफारस म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ यातली किमान पातळीही गाठत नाहीत. तेव्हा या लेखाचे कात्रण दाखवून कोणी सकाळचे फिरणे बंद केले तर तो माझ्यावर अन्याय होईल.

वाढवायचे किती, याला ‘आठवड्याला १० टक्के’ असा एक नियम सांगतात. खरे तर नवख्या धावपटूंवर नेदरलँड्समध्ये २००८ साली झालेल्या चाचणीत हा नियम पाळणाऱ्या आणि थोडे वेगाने वाढवणाऱ्या अशा दोन्ही गटांत दुखापती सारख्याच, पाचात एकाला, झाल्या. त्यामुळे दहा या आकड्याला पवित्र मानण्याची गरज नाही. पण खंडानंतर परतताना जुन्या आकड्याच्या निम्म्यापासून सुरुवात, जोराच्या दिवसानंतर एक हलका दिवस, आणि ताप असताना पूर्ण सुट्टी, एवढे तरी पाळता येते. तापात धावणे विशेष वाईट, कारण विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असेल तर श्रमाने लय बिघडू शकते.

भरतीचे मैदान

महाराष्ट्रात या सगळ्याची सर्वांत मोठी किंमत हौशी धावपटू मोजत नाहीत, भरतीला उभी राहणारी मुले मोजतात. २०१४ च्या जूनमध्ये मुंबई पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना काही तरुण कोसळून दगावले आणि नंतर अंतर कमी करावे लागले. २०२४ मध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत, १० किलोमीटरच्या धावण्यात, दहाहून अधिक उमेदवारांचे जीव गेले. इथे उडीला लागणारी सगळी परिस्थिती एकत्र येते. जाहिरात वर्षानुवर्षे येत नाही, मग मैदानी चाचणीची तारीख एकदम लागते. मुलगा आदल्या रात्री एसटीने किंवा रेल्वेने येतो, फलाटावर किंवा मैदानाच्या कडेला झोपतो, सकाळी वडापाववर रांगेत उभा राहतो, आणि ऊन चढल्यावर त्याचा नंबर लागतो. गुण सेकंदांवर असतात, त्यामुळे थांबावेसे वाटले तरी तो थांबत नाही. शेजारचा कोणी उत्साहवर्धक इंजेक्शनाची पुडी सोडतो, ती वेगळीच.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार अशा भागांतल्या उमेदवारांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. तिथल्या काही समाजांत सिकलसेल या रक्तातल्या आनुवंशिक दोषाचे प्रमाण मोठे आहे. ज्याला आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष मिळाला तो ‘वाहक’. त्याला एरवी काही त्रास नसतो आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. अमेरिकी लष्करातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले नाही, पण श्रमाने होणाऱ्या स्नायुविघटनाचा धोका ५४ टक्के जास्त निघाला. वाहक असणे हे अपात्रतेचे कारण नाही, आणि कोणी तसे सुचवले तर ते चूक आहे. तयारी मात्र आठवड्यांनी चढवायची, उन्हात नाही, पाणी जवळ ठेवून, आणि पाय एकाएकी गळाल्यासारखे वाटले तर तिथेच बसायचे. गोळे आले की स्नायू कडक लागतात. सिकलसेलच्या वाहकात कोसळण्याआधी ते अनेकदा मऊच लागतात आणि तरी पाय चालत नाहीत, हा फरक प्रशिक्षकाला माहीत हवा. सिकलसेलची रक्तचाचणी या भागांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत होते.

आयोवाच्या प्रकरणाची पुढे विद्यापीठाने चौकशी केली. खेळाडूंनी काही चुकीचे खाल्ले किंवा घेतले असे तिच्यात आढळले नाही. शंभर बैठकांची ती कसरत पुन्हा करून घेऊ नये, अशी शिफारस चौकशी समितीने केली.